आमवात, ल्युपस आणि कोकणातलं वर्ष: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना काय सांभाळायचं

मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी रोज येते: "प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी द्या." मागणाऱ्यांत आमवाताचे, ल्युपसचे, सोरायसिसचे पेशंटही असतात. त्यांच्याच पिशवीत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी असते. म्हणजे डॉक्टरांनी जी गोष्ट मुद्दाम खाली आणायला सांगितली, तीच वर चढवायला आपण पैसे मोजायचे.

प्रतिकारशक्तीचे आजार ढोबळमानाने तीन तऱ्हांचे. एकात ती कमी पडते. कधी जन्मापासून, कधी एचआयव्हीसारख्या कारणाने. दुसरीत ती निरुपद्रवी गोष्टीवर तुटून पडते. कोलंबी-कुर्ली खाल्ल्यावर ओठ सुजणं किंवा दमा हा त्यातला प्रकार. तिसरीत ती आपल्याच शरीरावर उलटते. सांध्यांचं अस्तर धरलं तर आमवात, थायरॉइड ग्रंथी धरली तर हाशिमोटो, स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी धरल्या तर टाइप १ मधुमेह, आणि त्वचेपासून किडनीपर्यंत काहीही धरलं तर ल्युपस. या उलटलेल्या पेशींना लगाम घालणाऱ्या 'नियामक टी-पेशी' शरीरातच असतात. त्यांच्यावरच्या कामासाठी मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे यात 'ताकद' कमी नसते, लगाम सुटलेला असतो.

हा लेख या तिसऱ्या तऱ्हेबद्दल आहे. औषधं आज चांगली आहेत. बिघडतं ते बहुतेक वेळा दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात, घरी. त्यात आपल्याकडे चार महिने पाऊस, चिखल, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, शेताच्या पाण्यातून होणारा ताप), आणि तज्ज्ञ डॉक्टर घाटापलीकडे.

१. आधी आजार तोच आहे का, ते ठरवा

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, बोटं सुटायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, दोन्ही हातांचे बारीक सांधे, मनगटं आणि पायाचे चवडे सुजतात, आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललंय, तर बाम चोळत बसू नका. झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर शांत होतो. आमवात बसून राहिलं की आखडतो आणि हालचाल झाली की सुटतो. पाट्यावर वाटप करताना पहिली दहा मिनिटं जीव जातो आणि मग हात चालू लागतो, असं कोणी सांगितलं की माझे कान टवकारतात.

ल्युपस बहुतेक तरुण बायकांना होतो. दहा पेशंटांत साधारण नऊ बायका. उन्हाने वाढणारी गाला-नाकावरची लाली, तोंडात व्रण, केसांचे पुंजके गळणं, कारण न सापडणारा बारीक ताप, सांधेदुखी. यातलं सगळं एकदम दिसतंच असं नाही.

कोकणात एक घोटाळा नेहमी होतो, चिकुनगुनियाचा. तो ताप गेल्यावरही सांधे महिनोन् महिने धरून राहतात आणि चित्र हुबेहूब आमवाताचं दिसतं. दुखणं सुरू होण्याआधी जोराचा ताप आणि पुरळ आलं होतं का, वाडीत आणखी कोणाला तसं झालं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नाहीतर वर्षभर भलतीच औषधं पोटात जातात.

रक्ताच्या रिपोर्टवर एकट्यावर विसंबू नका. आरए फॅक्टर (आमवाताची नेहमीची रक्ततपासणी) धडधाकट म्हाताऱ्या माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो, हेपटायटिस सीमध्येही येतो, आणि खऱ्या आमवातात निगेटिव्ह असू शकतो. अँटी-सीसीपी ही तपासणी त्यापेक्षा नेमकी. एएनए (ल्युपसच्या शंकेत करतात ती तपासणी) तर कित्येक निरोगी बायकांत पॉझिटिव्ह सापडते. लक्षणं नसताना पॅकेजमध्ये केलेली एएनए म्हणजे फुकटची झोपमोड.

सुरुवात ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नाहीतर सावर्डे-डेरवणला फिजिशियनकडे होऊ शकते. त्यानंतर एकदा तरी संधिवाततज्ज्ञ गाठा: मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव किंवा गोवा, जे जवळ पडेल ते. औषधाची आखणी तिथे आणि नेहमीच्या तपासण्या गावाजवळ, अशी वाटणी दोन्ही डॉक्टरांना सांगूनच ठरवून घ्या. मात्र उशीर नको. सांध्यांचं कायमचं नुकसान पहिल्या दोन वर्षांतच बरंच होऊन जातं.

२. गोळ्या सुरू होण्याआधी

रक्ताची मोजणी, यकृत, किडनीसाठी क्रिएटिनिन, हेपटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. इंजेक्शनची बायोलॉजिक औषधं (जिवंत पेशींपासून बनवलेली) ठरली असतील तर सुप्त टीबीची तपासणीही हवी, कारण ही औषधं दबून बसलेला टीबी उठवतात. घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल तर लपवू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (आमवात-ल्युपसमध्ये देतात ती गोळी) सुरू होणार असेल तर पहिल्या वर्षात एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पुढे पाच वर्षांनंतर दरवर्षी. डोस वजनावर असतो, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणून वजन अंदाजे सांगू नका.

किडका दात असेल तर आत्ताच उरका.

लसींचंही याच वेळी. फ्लू, न्यूमोनिया आणि हेपटायटिस बीच्या लसी मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या असतात. त्या नंतरही चालतात, पण आधी घेतल्या तर जास्त लागू पडतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि पीतज्वराच्या लसी जिवंत जंतूंच्या. त्या घ्यायच्याच असतील तर औषध सुरू होण्याच्या निदान चार आठवडे आधी. औषध चालू असताना नाही.

३. आठवड्याची गोळी आठवड्यालाच

हा भाग सावकाश वाचा, कारण माणूस दगावतो तो इथे.

आमवाताचं पहिलं औषध बहुतेकांना मेथोट्रेक्सेट मिळतं. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. सोबत फोलिक अॅसिड, डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी. अडचण अशी की दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळसर आणि चिमुकल्या असतात. चाळशी घरी राहिलेल्या माणसाला त्यांच्यातला फरक कळत नाही. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, आणि आठवड्याभरात अतिदक्षता विभागात जायची पाळी येते.

काउंटरवरचा नेहमीचा संवाद असा:

"रोज एक घेतलय तर लवकर बरा वाटात मां?"

"तसा अजिबात करू नको, काकी. बाजाराच्या दिवशी, रात्री जेवल्यार. एकदाच."

वार असा निवडा की विसरणं अवघड जावं. गावच्या आठवडा बाजाराचा वार उत्तम. उपासाचा वार नको. रिकाम्या पोटी मळमळतं. मग पुढचं असं करा:

– पाकिटावर मार्करने वार पूर्ण लिहा. 'सो', 'मं' असं अर्धवट नको.
– फोलिक अॅसिडचं पाकीट वेगळ्या डब्यात ठेवा.
– गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर फुली मारा. फुली दिसली की दुसरी गोळी नाही.
– चाकरमानी मुलाने एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या आणून दिल्या, तर महिन्यापुरत्याच हाताशी ठेवा.
– एकाच ताकदीच्या गोळ्या घ्या. २.५ च्या आणि १० च्या गोळ्या एका घरात नकोत.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. "दोन बाजार झाले, काही फरक नाही" म्हणून सोडणारे खूप. पहिले तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, पुढे साधारण तीन महिन्यांनी. तोंडात व्रण, अंगावर काळेनिळे डाग, डोळे पिवळे, किंवा कोरडा खोकला आणि धाप, यातलं काही आलं तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल मेथोट्रेक्सेटबरोबर घेऊ नये. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी आपल्या गोळीचं नाव सांगा. दारूचं म्हणाल तर काजूची असो, माडी असो की बाटलीतली, यकृताला तिचं कौतुक नसतं. बंदच करा.

४. स्टेरॉइडची भीती कुठे धरायची, कुठे नाही

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० ला त्यांना नोबेल मिळालं. लांबच्या वापराचे दुष्परिणाम दिसायला त्यानंतर फार काळ लागला नाही. आजही तेच खरं आहे: थोड्या काळासाठी, कमीत कमी मात्रेत स्टेरॉइड हे वरदान, वर्षानुवर्षं घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो.

तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) घेतलं असेल तर ते एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. गोळी तुटली की उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, कधी जिवावर बेततं. मात्रा पायरीपायरीने डॉक्टरच उतरवतात. आजारपणात किंवा ऑपरेशनच्या वेळी उलट वाढवावी लागते. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या.

५. ताप आला तर

१००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू, हे इतर घरांत चालतं, तुमच्यात नाही. स्टेरॉइड घेणाऱ्याला मोठा संसर्ग होऊनही ताप कमीच दिसू शकतो, म्हणून थंडी वाजून अंग कापणं आणि एकाएकी गळून जाणं यांनाही ताप समजा.

ताप असताना मेथोट्रेक्सेट आणि बायोलॉजिक इंजेक्शन डॉक्टरांशी बोलेपर्यंत पुढे ढकला. स्टेरॉइड मात्र चालू ठेवा. लोक नेमकं उलटं करतात.

सांधेदुखीच्या माणसाच्या घरात डायक्लोफिनॅक असतंच. तापात त्याला हात लावू नका. डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका, लेप्टो असेल तर किडनीचा. ताप उतरवायला पॅरासिटामॉल पुरे. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर पहिलं वाक्य हे: "मी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेतो." नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटं दाखवा.

छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आगीसारखी जळजळ आणि पाण्याने भरलेले फोड आले तर ती नागीण. आपल्याकडे आधी ती 'उतरवणाऱ्या'कडे नेतात. श्रद्धा असेल तर जा, पण वाटेत डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन जा. विषाणूविरोधी औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा सर्वात जास्त उपयोग होतो.

६. मिरगापासून गणपतीपर्यंत

फ्लूची लस एप्रिल-मे महिन्यात, मिरगाआधी घ्या. आपल्याकडे फ्लू पावसात उसळतो आणि लसीला काम सुरू करायला दोन आठवडे लागतात. गणपतीला मुंबईची गाडी भरून येते तेव्हा खोकलाही उतरतो. आरतीला मास्क लावला म्हणून कोणी हसलं तर हसू दे.

खरी काळजी लावणीची. लेप्टोचे जंतू उंदीर-घुशी आणि गुरांच्या मुतातून शेताच्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, चिखल्यांतून शरीरात शिरतात. जखम असेल तर चिखलात उतरू नका. उतरणं भागच असेल तर गमबूट घाला. अनवाणी लावणी करणाऱ्याला गमबूट जड जातात, बांधावर चेष्टाही होते, हे मला माहीत आहे. मग बेणणी, बांधावरची कामं, मूठ देणं हे दुसऱ्यावर आणि घरचं जेवण तुमच्याकडे, असं वाटून घ्या. गोठा झाडायचा तर हातमोजे. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

ताप, पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखणं आणि लाल डोळे एकत्र दिसले तर लेप्टो धरून चाला. लवकर सुरू झालेलं डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन किडनी वाचवतं. जोखमीच्या भागात आरोग्य खातं लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतं, तीही आठवड्याला घ्यायची असते. दोन 'आठवड्याच्या' गोळ्या एका घरात आल्या की गोंधळ ठरलेला. शिवाय तुमच्या औषधांबरोबर ती जमते का, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. गरोदर बाईने ती घेऊ नये.

पाऊस सरता सरता स्क्रब टायफस येतो. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली मध्ये काळी खपली आणि भोवती लाल कडा असा न दुखणारा डाग शोधा. पेशंटला तो दिसत नाही, घरच्यांनी बघायचा. काजूच्या दिवसांत दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप असतो. २०१६ ला बांदा परिसरात तो पसरला होता. गोचिडीतून येतो. रानात जाताना अंगभर कपडे घाला, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

७. ऊन आणि मासळी

ल्युपसवाल्यांनी ऊन औषधाइतकंच गंभीर धरावं. किनाऱ्यावर ऊन वरून येतं तसं रेतीवरून आणि पाण्यावरूनही उसळतं. पातळ ढगातूनही गाठतं. बांगडे, सोडे, जवळा वाळत घालायचं काम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी करा. लांब बाह्यांचा शर्ट, कपाळ झाकणारा स्कार्फ, एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. घामाच्या हवेत ते टिकत नाही, म्हणून कपड्यावर जास्त भरवसा ठेवा.

मासे खुशाल खा. आंबटाने सांधे धरतात म्हणून सोलकढी आणि चिंच सोडणारे खूप भेटतात. त्याला आधार नाही. नियम एकच, पूर्ण शिजवून. कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) अर्धकच्च्या नकोत. समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. यकृत बिघडलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला ते वेगाने खातात. कालवं फोडताना हात कापला किंवा शिंगाळा माशाचा काटा लागला तर साबण-पाण्याने धुवा, आणि काही तासांत लाली पसरू लागली तर थांबू नका.

ल्युपसमध्ये दर फेरीला लघवीची साधी तपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे, आणि किडनीचा त्रास दुखण्याआधी तिथेच दिसतो. फेसाळ लघवी आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज ही घरची खूण.

८. मूल हवं असेल तर

हे बोलणं लग्न ठरतानाच व्हायला हवं, पण होत नाही. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि मायकोफिनोलेट गर्भाला घातक. ती आधीच बंद करून बदलावी लागतात, मेथोट्रेक्सेट साधारण तीन महिने आधी. लेफ्लुनोमाइड अंगात फार काळ राहतं, ते धुऊन काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासॅलॅझिन आणि अॅझाथायोप्रिन गरोदरपणात चालतात. भीतीने सगळंच सोडलं तर आजार उसळतो आणि बाळ-बाळंतीण दोघांना धोका. आजार सहा महिने शांत राहिला की मग दिवस राहू द्यावेत. पुन्हा पुन्हा गर्भ पडत असेल तर देवाला गाऱ्हाणं घाला, आणि अँटीफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणीही करा. त्या कारणाला उपचार आहे.

९. काढे आणि पुड्या

गुळवेल आपल्याकडे कुंपणाकुंपणावर. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद तज्ज्ञांवर सोडू. पण स्वयंप्रतिकार आजार असलेल्याने, त्यातही यकृतावर ताण देणारं मेथोट्रेक्सेट चालू असताना, प्रतिकारशक्ती चेतवणारं काही आपल्या मनाने घेऊ नये, हे माझं ठाम मत.

पुड्यांबद्दल मी कडक आहे. 'सांध्याची पावडर' घेऊन दोन दिवसांत उड्या मारू लागलात तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, हातावर जरा आपटलं की निळं होतं, साखर वाढते. पुडी महिनोन् महिने घेतली असेल तर तीही एकदम बंद करू नका. उरलेली डॉक्टरांना नेऊन दाखवा. लाज वाटते म्हणून लोक सांगत नाहीत आणि ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळतो.

१०. वीज, पूर आणि बोट

अॅडॅलिमुमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. या औषधाची जगातली पहिली समरूप आवृत्ती (बायोसिमिलर) भारतात २०१४ मध्ये झायडसने आणली, आणि किंमत बऱ्याच घरांच्या आवाक्यात आली. पण २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. बंदरावर बर्फ आणि थर्माकोलचा खोका मिळतो, तोच उपयोगी. मात्र इंजेक्शन बर्फाला टेकवू नका. टॉवेलात गुंडाळून वरच्या बाजूला ठेवा. एकदा गोठलं तर ते फेकायचंच. फ्रिजबाहेर किती दिवस चालतं ते कंपनीच्या चिठ्ठीत असतं. वादळ यायच्या आधी वाचून ठेवा.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा औषधांबरोबर फायलीही गेल्या. महिन्याच्या गोळ्या, चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स आणि 'स्टेरॉइड चालू आहे' लिहिलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. सगळ्या कागदांचे फोटो मुंबईतल्या नातेवाइकाच्या फोनवरही असू देत. कोकणकन्या एक्स्प्रेसने तपासणीला जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत, सीटखालच्या बॅगेत नाही.

बोटीवर नोकरी करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या खलाशाला पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि ती लस जिवंत जंतूंची. मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक चालू असताना ती घेऊ नये. एजंट घाई करतो म्हणून गोळ्या लपवून लस टोचून घेऊ नका. तज्ज्ञांकडून वैद्यकीय कारणाचं पत्र घ्या आणि करार होण्याआधी कंपनीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. वाटेतल्या एखाद्या देशाने ते पत्र मानलं नाही, तर दुसरा मार्ग असलेली बोट मागावी लागेल. ती बोलणी घरी असतानाच सुरू करा.